पवित्र टाळूचे जेवण

विसाव्या शतकातल्या कलाचळवळींबद्दल मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणाऱ्यांना एक जेवण फार आवडते. ८ मार्च १९३१ च्या रात्री इटलीतल्या तुरीन शहरात 'तावेर्ना देल सांतोपालातो' या नावाचे उपाहारगृह उघडले, आणि त्या रात्री तिथे जे वाढले गेले त्याचे वर्णन दर काही वर्षांनी कोणीतरी नव्याने हुडकून काढतो. सांतोपालातो म्हणजे पवित्र टाळू. भविष्यवादी कवी फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती आणि त्याचा तरुण चित्रकार सहकारी फिल्लीया यांच्या पाककलेचे हे मंदिर. वर्णन करणारा त्याचे वर्णन हसत हसत करतो, वाचणारा हसत हसत वाचतो, आणि शेवटी दोघेही 'काय धमाल माणसे होती!' असे म्हणून पुढच्या चळवळीकडे वळतात. आमची तक्रार या 'धमाल' शब्दाबद्दल आहे.

प्रथम जेवण पाहू, कारण ते खरोखर पाहण्यासारखे होते. उपाहारगृहाची सजावट फिल्लीया आणि बल्गेरियात जन्मलेला वास्तुशिल्पी द्युल्गेरोफ यांनी केली होती. जिकडेतिकडे अल्युमिनियम, म्हणजे पुढे स्वावलंबनाच्या काळात इटलीने ज्याला राष्ट्रीय धातू म्हणून मिरवले ते. भोजनपत्रिकेत चौदा पदार्थ. आरंभी पोखरलेल्या संत्र्यात भरलेली सलामी, लोणी, अळंबी, मासे आणि हिरव्या मिरच्या. मिरच्यांच्या पोटात चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्यांवर भविष्यवादी वचने. 'मांसशिल्प' म्हणून एक पदार्थ होता: अकरा प्रकारच्या भाज्या भरलेला भाजक्या वासराच्या मांसाचा उभा स्तंभ, माथ्यावर मध, पायाशी सॉसेजचे कडे आणि त्याखाली कोंबडीच्या मांसाचे तीन सोनेरी गोळे. 'हवाई खाद्य' खाताना उजव्या हाताने काळी ऑलिव्ह, बडीशेपेच्या जातीचा कोवळा कंद आणि कमक्वाट नावाची बोराएवढी संत्री तोंडात टाकायची, आणि डावा हात त्याच वेळी पॉलिश पेपर, रेशीम व मखमल यांच्या तुकड्यांवरून फिरवायचा. वाढपी मागून येऊन मानेवर कार्नेशनचे अत्तर फवारणार, आणि स्वयंपाकघरातून विमानाच्या इंजिनाचा घरघराट व बाखचे संगीत एकदमच ऐकू येणार. द्युल्गेरोफच्या 'फियाट कोंबडी'त बेअरिंगचे पोलादी छर्रे भरलेले होते. मांसात पोलादाची चव पुरती उतरली की फेटलेल्या सायीबरोबर ती वाढायची. गोडाच्या अंगाने 'विषुववृत्त अधिक उत्तर ध्रुव': अंड्यांच्या बलकाचा समुद्र, त्यातून वर आलेला फेटलेल्या पांढऱ्याचा सुळका, आणि सुळक्यावर काळ्या ट्रफलची कापून केलेली विमाने, आकाश जिंकायला निघालेली.

हे सारे वाचून हसू येते, आम्हालाही येते. डाव्या हाताला मखमल आणि कानाला बाख ही कल्पना कोणा सामान्य डोक्यातून निघालेली नव्हे. २००७ मध्ये एका प्रसिद्ध इंग्रज आचाऱ्याने शिंपल्यात दडवलेल्या यंत्रातून ग्राहकांना समुद्राची गाज ऐकवत मासे खाऊ घातले, तेव्हा तुरीनच्या त्या रात्रीची आठवण अनेकांना झाली, आणि ती योग्यच होती. मारिनेत्तीच्या हजरजबाबीपणालाही आम्ही दाद देतो. स्वर्गातले देवदूत टोमॅटोच्या रसातल्या शेवयांखेरीज दुसरे काही खात नाहीत, असे नेपल्सच्या नगराध्यक्षाने सुनावले, तेव्हा स्वर्गातले जीवन कंटाळवाणे असावे हा आपला जुना संशय त्याने दृढ झाल्याचे मारिनेत्तीने कळवून टाकले.

तथापि नगराध्यक्षाला मुळात राग कशाचा आला होता? कौतुककर्ते नेमके इथे वाक्य आवरते घेतात. २८ डिसेंबर १९३० रोजी तुरीनच्याच 'गाझेत्ता देल पोपोलो' या वृत्तपत्रात 'भविष्यवादी पाककलेचा जाहीरनामा' छापून आला होता, आणि त्याची पहिली मागणी होती पास्ता नष्ट करण्याची. पास्ता माणसाला सुस्त करतो, निराश करतो, गतकाळासाठी हळवा करतो आणि तटस्थ बनवतो, असा तो आरोप होता. यातला 'तटस्थ' हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. पहिल्या महायुद्धात इटलीने पडू नये असे म्हणणाऱ्यांना तिथे तटस्थतावादी म्हणत, आणि मारिनेत्ती त्यांचा कट्टर वैरी होता. युद्धाने जग निर्मळ होते, हे त्याचे मत १९०९ पासूनचे. त्याचा अर्थ इतकाच की पास्त्यावरचा खटला चवीचा कधीच नव्हता. जेवून सुस्तावलेला माणूस लढायला जात नाही, हे त्याचे दुखणे होते.

दुसरे कारण त्याहून रोकडे आहे आणि जाहीरनाम्यात ते लपवलेलेही नाही. पास्ता सोडल्याने इटली महागड्या परदेशी गव्हाच्या तावडीतून सुटेल आणि देशी तांदळाच्या धंद्याला बरकत येईल, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आता मुसोलिनीने 'गव्हाची लढाई' १९२५ मध्येच पुकारली होती. परदेशी गव्हाची आयात थांबवण्यासाठी इटलीची जमीन गव्हाखाली आणायची, आणि त्यापायी कुरणे व फळबागा मागे पडल्या तरी चालेल, असा तो खाक्या. १९३१ मध्येच 'एन्ते नात्सिओनाले रीझी', म्हणजे राष्ट्रीय तांदूळ मंडळ, सरकारने स्थापन केले. एका बाजूला सरकारचे व्यापारखाते आणि दुसऱ्या बाजूला बंडखोर कवींची भोजनपत्रिका, आणि दोघांचा हिशेब जुळतो! प्रस्थापिताला हादरा देणारी कला म्हणून आम्हाला जिची ओळख करून दिली जाते, ती प्रस्थापिताच्या खतावणीशी इतकी कशी मिळती, हा प्रश्न विचारण्यास रसिकतेचा अडसर का यावा?

त्या रात्रीच्या पत्रिकेत 'तुत्तोरीझो' हाही एक पदार्थ होता. तुत्तोरीझो म्हणजे सगळा भातच. वाइन आणि बियर घातलेला. तो तांदूळ बहुधा फार लांबून आणावा लागला नसेल. तुरीनच्या पूर्वेला व्हेर्चेल्ली आणि नोव्हाराची भातखाचरे आहेत, आणि तिथे दर उन्हाळ्यात निंदणीसाठी हजारो बायका येत. त्यांना मोंदीने म्हणत. गुडघाभर पाण्यात वाकून, डासांत आणि उन्हात सुमारे चाळीस दिवस त्यांचे काम चाले. कोकणातल्या वा मावळातल्या खाचरात उतरलेल्या वाचकाला त्या कामाची कल्पना वेगळी द्यायला नको. १९०६ च्या संपात व्हेर्चेल्लीच्या मोंदीनेंनी आठ तासांचा दिवस मिळवला होता. पुढे १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला. तरीही १९२७ मध्ये आणि पुन्हा १९३१ मध्ये, म्हणजे सांतोपालातोच्याच वर्षी, मजुरीतील कपातीविरुद्ध त्यांनी काम थांबवले. भविष्यवाद्यांच्या लेखनात तांदूळ आहे, तांदळाचा धंदा आहे, तांदूळ खाऊन चपळ होणारा नवा इटालियन पुरुष आहे. मोंदीने कुठे आढळत नाहीत. 'फियाट कोंबडी'त फियाटचे पोलाद आहे. १९२० च्या सप्टेंबरात तेच कारखाने ताब्यात घेऊन बसलेले कामगार त्या कोंबडीत नाहीत. यंत्राची चव हवी आणि यंत्रावरचा माणूस नको, ही रुची आम्हाला फारशी नवी वाटत नाही.

फिल्लीयाची गोष्ट तर आम्हाला विषण्ण करते. हा १९०४ साली जन्मलेला. १९२२ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तुरीनमधल्या श्रमिक संस्कृतीच्या संस्थेने दोन मित्रांसह त्याच्या कविता 'श्रमिकांच्या कविता' म्हणून छापल्या, आणि पुस्तकाच्या नावात 'डायनामाइट' होते. नऊ वर्षांनी हाच तरुण तुरीनच्या त्याच हवेत 'इटलीचा समुद्र' नावाचे तबक सजवत होता. त्याला आम्ही विकला गेलेला म्हणत नाही. तो १९३६ मध्ये ऐन तिशीत वारला, आणि त्याच्या चित्रांत सच्चेपणा आहे. पण डायनामाइटपासून तबकापर्यंतच्या या प्रवासाला कोणी 'प्रयोगशीलतेचा विकास' म्हणू लागला, तर मात्र आम्ही आक्षेप घेऊ.

यावर ठरलेले उत्तर येते: कलेला तिच्या काळाच्या राजकारणाने मोजू नका, आणि शिवाय १९३१ मध्ये इटलीत दुसरे कोण काय करू शकत होते? पहिल्या भागाबद्दल आम्ही एवढेच म्हणतो की मोजपट्टी आम्ही आणलेली नाही. गव्हाची आयात मारिनेत्तीने जाहीरनाम्यात स्वतः घातली. दुसऱ्या भागाचे उत्तर तुरीनमध्येच आहे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने विद्यापीठातल्या प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम काढला. साऱ्या इटलीतल्या बाराशेच्या वर प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी ती नाकारली, आणि त्यांतले तिघे तुरीनचे होते: कायद्याचे फ्रांचेस्को रुफ्फीनी, न्यायवैद्यकाचे मारिओ कार्रारा आणि कलेच्या इतिहासाचे लिओनेल्लो व्हेंतूरी. व्हेंतूरी नोकरी सोडून पॅरिसला गेले. आधुनिक चित्रकलेविषयीची त्यांची आस्था सांतोपालातोच्या कोणाही पाहुण्याहून कमी नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात बोलोन्यामध्ये फॅसिस्टांचे गीत वाजवण्यास नकार दिला म्हणून आर्तुरो तोस्कानीनीला मार खावा लागला. आणि आन्तोनिओ ग्राम्शी, ज्याने तुरीनमध्ये शिक्षण घेतले, तिथल्या कामगारांत 'ऑर्दिने नुओव्हो' चालवले, तो तेव्हा इटलीच्या पार दक्षिणेला तूरीच्या तुरुंगात होता. त्या ऑगस्टात त्याच्या तोंडावाटे रक्त पडले. गंमत अशी की १९२१ मध्ये याच ग्राम्शीने भविष्यवाद्यांना बूर्झ्वा संस्कृतीचे विध्वंसक म्हणून मोकळ्या मनाने दाद दिली होती. पुढच्याच वर्षी ट्रॉट्स्कीला लिहिलेल्या पत्रात मात्र युद्धानंतर ही चळवळ आपले वैशिष्ट्य पार हरवून बसल्याचे त्याने नोंदवले. आमच्याकडील पुष्कळ समीक्षकांनी ग्राम्शीचे पहिले मत उचलले, दुसऱ्यापर्यंत ते पोचलेले दिसत नाहीत.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. फॅसिझमने भविष्यवादाला अधिकृत राजकला कधी केले नाही, आणि १९३८ मध्ये ज्यूद्वेषाच्या नावाने आधुनिक कलेवर चाल झाली तेव्हा मारिनेत्तीने तिला विरोध केला. हे त्याच्या खाती जमा आहे. परंतु १९०९ मध्ये संग्रहालये आणि अकादम्या जमीनदोस्त करा म्हणणारा हाच कवी १९२९ मध्ये मुसोलिनीच्या अकादमीचा सभासद झाला, मानधनासह. एकोणसाठीच्या उंबरठ्यावर तो इथिओपियाच्या मोहिमेत स्वेच्छेने गेला आणि त्यावर त्याने काव्य लिहिले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ला कुचीना फुतुरिस्ता' या त्याच्या व फिल्लीयाच्या पुस्तकात एक बेत आहे: जानेवारीतल्या दुपारी ज्या सैनिकांना थोड्याच वेळात आघाडीवर जायचे आहे किंवा विमानातून शहरांवर बाँब टाकायला निघायचे आहे, त्यांच्यासाठीचे हिवाळी वीरभोजन.  ट्रफलची काळी विमाने या पानाशेजारी ठेवून पाहावीत. तीन वर्षांनी खरी विमाने इथिओपियावर गेली.

जाता जाता भाषेचे. याच पुस्तकाच्या शेवटी परकीय शब्द हाकलून नवे इटालियन शब्द बसवण्याचा कोश आहे. बारला 'इथे-पितात', सँडविचला 'दोघांमधले', कॉकटेलला 'बहुपेय' अशा अर्थाचे शब्द त्यात घडवले आहेत. मराठी वाचकाला हे वाचताना ओळखीचे हसू येईल, कारण भाषाशुद्धीची आमची चळवळही याच सुमारास भरात होती आणि तिने घडवलेले काही शब्द आम्ही आज सहज वापरतो. इटालियनांनी मात्र 'इथे-पितात' वापरला नाही. ते बारमध्येच जात राहिले. असो.

उलट बाजूची भक्तीही आम्हाला मान्य नाही, हे इथेच सांगितलेले बरे. मारिनेत्तीला शिव्या देऊन कोणी आजीच्या हातच्या सनातन पास्त्याची आरती म्हणू लागला, तर आम्ही त्या पंक्तीतूनही उठू. टोमॅटो अमेरिकेतून आला, मका अमेरिकेतून आला. उत्तरेकडच्या व्हेनेतोतला शेतमजूर पास्ता नव्हे, मक्याच्या पिठाची पोलेंता तिन्हीत्रिकाळ खात होता, आणि दुसरे काही न मिळाल्याने पेलाग्रा होऊन वेडा होत होता. ज्याला आज इटलीचा अन्नवारसा म्हणतात, त्यातला बराचसा गरिबाच्या ताटात उशिरा आला. २०२२ मध्ये इटलीच्या नव्या सरकारने कृषिमंत्रालयाच्या नावात 'अन्नसार्वभौमत्व' हा शब्द घातला, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसावर कायद्याने बंदी घातली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाककला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जाऊन बसली. त्याच बैठकीत आपली दिवाळीही त्या यादीत गेली. १९३० मध्ये राष्ट्रासाठी पास्ता सोडा असे सांगणारे होते, आता राष्ट्रासाठी पास्ता पूजा असे सांगणारे आहेत. दोन्ही वेळा ताटावर झेंडा आहे. कोणी काय खावे हे राष्ट्राच्या नावाने ठरवण्याची हौस केवळ इटलीची नाही, हे २०१५ च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात आम्ही अधिक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

पास्ताबंदी शेवटी झाली, पण ती कवींनी केली नाही. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि त्याच वर्षी पास्ता शिधापत्रिकेवर गेला. १९४१ च्या ऑक्टोबरात पावाचा शिधा माणशी रोज दोनशे ग्रॅमवर आला, पुढच्या मार्चमध्ये दीडशेवर. लोकांच्या अंगातली सुस्ती, निराशा आणि गतकाळाची हळहळ त्यामुळे गेली की नाही, याचा अहवाल भविष्यवाद्यांनी दिलेला नाही. मारिनेत्ती १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर जाऊन आला होता.

इटलीतल्या संस्मरणीय भोजनाविषयीच लिहायचे तर आम्ही दुसरे एक सुचवतो. त्याला उपाहारगृह नव्हते, भोजनपत्रिका नव्हती आणि त्यात पदार्थ एकच होता. २५ जुलै १९४३ रोजी मुसोलिनीला पदावरून काढल्याची बातमी रेडिओवर आली. रेज्जो एमिल्या प्रांतात चेर्वी नावाचे एक शेतकरी कुटुंब होते: बाप आल्चीदे, त्याची बायको जेनोव्हेफ्फा, आणि सात मुलगे. खंडाने घेतलेली जमीन त्यांनी सपाट करून, ट्रॅक्टर आणून, मासिके वाचून पिकवली होती. यंत्राचे खरे प्रेम कोणाला म्हणावे हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो ट्रॅक्टर पाहावा. या कुटुंबाने शेजाऱ्यांकडून पीठ गोळा केले, लोणी आणि चीज मिळवले, काही क्विंटल पास्ता शिजवला आणि दुधाच्या कॅनांत भरून गाडीतून काम्पेजिनेच्या चौकात नेला. शिधापत्रिकेच्या त्या दिवसांत ज्याला हवा त्याला तो वाढला. गर्दीत एक पोरगा काळा सदरा घालून आला होता, त्यालाही बोलावून वाढले, असे सांगतात.

हा पास्ता खाऊन कोणी तटस्थ झाले नाही. सप्टेंबरात जर्मन सैन्य आले, आणि चेर्वींच्या घरात तुरुंगातून व छावण्यांतून पळालेले परदेशी युद्धकैदी आसऱ्याला येऊ लागले. नोव्हेंबरात फॅसिस्टांनी घराला वेढा घालून बाप आणि सातही भावांना पकडले. जाहीरनामा छापला गेला त्याला बरोबर तेरा वर्षे झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर १९४३ रोजी, रेज्जो एमिल्याच्या नेमबाजीच्या मैदानावर सातही भावांना गोळ्या घातल्या. बाप तुरुंगात होता; मुले गेल्याचे त्याला काही काळ ठाऊक नव्हते.

गात्तातिकोतले ते घर आता संग्रहालय आहे आणि ट्रॅक्टर तिथे ठेवलेला आहे. दर २५ जुलैला त्या अंगणात आणि इटलीतल्या इतर कित्येक गावांत पास्ता शिजवून लोकांना वाढतात. तो साधा असतो, लोणी आणि चीज घातलेला.